घरी शिवलेली हाफ पँट बसताना मागून खाली ओढली जाते : आसन कसे दुरुस्त करावे?

प्रश्न

नमस्कार. विकत घेतलेल्या पीडीएफ पॅटर्नवरून मी स्वतःसाठी इलॅस्टिकची सुती हाफ पँट शिवत आहे. चांगल्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी जुन्या चादरीवर नमुना शिवून पाहिला. माझी सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ९८ सेंटिमीटर आहे आणि तक्त्यात त्या मापापुढे दिलेलाच आकार मी कापला. उभी असताना कंबर, घेर आणि लांबी ठीक दिसतात. परंतु बसले की मागचा नेफा दोन बोटे खाली येतो आणि पुढे जांघेपासून बाहेरच्या दिशेने तिरक्या सुरकुत्या पडतात. एक आकार मोठा कापावा, असे मैत्रिणीचे मत आहे. तसे केल्याने हा दोष जाईल का? प्रत्यक्ष पँटसाठी ४४ इंच पन्ह्याचे दीड मीटर पॉपलिन आणले आहे. तेवढे पुरेल का, हेही कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

मोठा आकार कापू नये, असे मला वाटते. आकार वाढवला की कंबर आणि घेर भरपूर वाढतात, आसन, म्हणजे पुढच्या कंबरेपासून दोन्ही पायांमधून मागच्या कंबरेपर्यंतचा भाग, मात्र थोडेसेच वाढते. म्हणजे जिथे सैलपणा नको आहे तिथे तो येईल आणि नेफा तरीही खाली सरकेल. तुमचा दोष रुंदीचा नसून लांबीचा आहे. बसताना नितंबांवरून मोजलेले अंतर वाढते, त्या वाढीसाठी लागणारे कापड मागच्या आसनात नसेल तर ते कंबरेकडून ओढून घेतले जाते.

आधी आसनाची पूर्ण लांबी मोजावी. कंबरेला इलॅस्टिकचा तुकडा बांधून, पुढच्या मध्यापासून टेप दोन्ही पायांमधून मागच्या मध्यापर्यंत न्यावी. ती ताणू नये आणि लोंबूही देऊ नये. आपल्याकडे शिवणवर्गात खुर्चीवर बसवून कंबरेपासून बैठकीपर्यंतचे माप घ्यायला शिकवतात, पण त्यातून केवळ आसनाची उंची कळते, मागचा बाक, म्हणजे आसनाचे मागचे वळण, किती लांब हवा ते कळत नाही. त्यानंतर कागदावरच्या पुढच्या आणि मागच्या तुकड्याची आसनाची रेषा, टेप कडेवर उभी धरून, शिवणीच्या रेषेवरून मोजावी. माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेले जादा कापड, आणि नेफ्याची दुमड या मोजमापात धरू नये. दोन्ही तुकड्यांची बेरीज शरीराच्या मापापेक्षा साधारण दोन ते तीन सेंटिमीटर जास्त असली, तर इलॅस्टिकच्या सैल पँटमध्ये आरामात बसता येते.

कमी पडणारी लांबी दोन ठिकाणी वाढवता येते. पहिले ठिकाण मागच्या तुकड्याचा मध्य: सीटच्या रेषेवर मध्यापासून बाजूच्या शिवणीपर्यंत कागद आडवा कापावा, मात्र बाजूच्या टोकाला तो जोडलेला ठेवून मध्याकडे उघडावा आणि खाली दुसरा कागद चिकटवावा. त्यामुळे बाजूची शिवण आहे तेवढीच राहते. दुसरे ठिकाण म्हणजे मांडीच्या आतल्या शिवणीला मिळणारे आसनाचे टोक, जे बाहेर वाढवता येते. हे टोक वाढवले की मांडीचा घेरही तेवढाच वाढतो, म्हणून सगळी वाढ तिथेच करू नये. पुढच्या सुरकुत्या बहुधा याच तुटवड्यामुळे पडत असाव्यात. मागचे आसन सुधारल्यावरही त्या राहिल्या, तरच पुढच्या टोकाला हात लावावा.

दुसरा प्रतिसाद

वरचे विवेचन पटले, परंतु कागद कापण्यापूर्वी छपाई तपासावी. अमेरिकेतले पॅटर्न पुष्कळदा तिथल्या लेटर कागदासाठी, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटरच्या पानासाठी मांडलेले असतात, आणि आपल्याकडचा ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला, तर सगळी आकृती थोडी आक्रसते. ती तीन टक्क्यांनी जरी लहान झाली, तरी सत्तर सेंटिमीटरच्या आसनातले दोन सेंटिमीटर जातात. पहिल्या पानावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने दोन्ही दिशांनी मोजावा.

मायेचाही असाच घोटाळा होतो. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स यांसारख्या अमेरिकी पॅटर्नमध्ये बहुतेक वेळा पाच सूत, म्हणजे ५/८ इंच, माया धरलेली असते, तर बुर्डा मासिकातल्या पॅटर्नना ती स्वतः जोडावी लागते. माया नसलेला पॅटर्न तसाच कापून शिवला, तर प्रत्येक शिवणीत कापड जाते आणि कापणाऱ्याला वाटते की पॅटर्नच चुकीचा आहे.

आता कापडाविषयी. तुमची चादर अनेकदा धुतलेली असल्यामुळे तिचे आटणे संपलेले आहे. नवे पॉपलिन अजून आटायचे आहे, आणि सुती कापड रुंदीपेक्षा लांबीत, म्हणजे ताण्याच्या दिशेने, सहसा अधिक आटते. पँटचे आसन मुख्यतः त्याच दिशेत असते. कापड न भिजवता शिवले, तर नमुन्यावर जमलेले माप पहिल्या धुण्यानंतर पुन्हा आखूड होईल. म्हणून ते पाण्यात रात्रभर ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. दीड मीटर पुरावे. ४४ इंचांत चारही तुकडे एका ओळीत मावत नाहीत, त्यामुळे दोन लांब्या लागतात. ५८ इंच पन्हा असता तर एकाच लांबीत काम झाले असते.

तिसरा प्रतिसाद

शिवण्याविषयी थोडे. आधी प्रत्येक पायाची बाजूची आणि आतली शिवण घालून घ्यावी. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट पायाच्या आत, सुलटीवर सुलट येईल असा घालावा आणि आसनाची शिवण पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंत एकसलग मारावी. पॉपलिनला १४ नंबरची सुई आणि अडीच मिलिमीटरचा टाका योग्य आहे. बाकाच्या तळाशी कापड तिरके असल्यामुळे ताणले जाते, म्हणून तिथे मायेच्या बाजूला, पहिल्या शिवणीपासून तीन मिलिमीटरवर दुसरी टीप घालावी, जास्तीची माया कापावी आणि मगच कडेचे धागे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक करावे. एवढे केले की तिथली शिवण सहसा उसवत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. चाचणीचा चौकोन दोन्ही बाजूंनी बरोबर १० सेंटिमीटर भरला आणि पॅटर्नमध्ये माया धरलेली आहे, तेव्हा छपाई निर्दोष आहे. आसन शरीरावर ६८ आणि कागदावर ६७ सेंटिमीटर भरते. वाढ कशी वाटून घ्यावी?

पहिला प्रतिसाद देणारे

एक सेंटिमीटर मुळातच कमी आहे आणि बसण्यासाठी साधारण अडीच जास्त लागतात, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर हवेत. मागच्या मध्यावर दोन आणि आतल्या टोकाला दीड वाढवावे. मात्र मध्य वाढवल्यावर मागची कंबर तिरकी होते. तुमचा नेफा वरच्याच कापडाचा दुमडून केलेला असेल, तर कागद दुमडीच्या रेषेवर आधी दुमडून मगच बाजूची आणि मधली कड कापावी. अन्यथा नेफा आत वळवताना कापड अपुरे पडते आणि शिवणीजवळ गोळा होते. टोक वाढवल्यावर मागची आतली शिवण पुढच्या शिवणीशी ताडून पाहावी. ती काही मिलिमीटर आखूड असली, तर शिवताना हलकेच ताणून जुळवता येते. लांब झाली असेल, तर टोक तेवढे खाली उतरवून घ्यावे. बदललेला मागचा भाग पुन्हा चादरीवरच कापून पाहावा, पुढचा भाग जुनाच वापरला तरी चालेल.