आखाजीची खरेदी: कॅमेऱ्याची आणि बाकीचीही

केळीबाग (रावेर)

सर्व छायाचित्रकार मंडळींना नमस्कार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काहीतरी नवे घरात आणण्याची आपल्याकडची रीत आहे, आणि हौशी छायाचित्रकाराच्या घरी त्या दिवशी सोनाराच्या पेढीऐवजी कॅमेऱ्याच्या दुकानाकडे पावले वळतात, याची घरच्यांनीही आता मनाची तयारी केलेली असते. तेव्हा यंदा कोणी काय घेतले, ते सविस्तर सांगावे. केवळ कॅमेरा आणि लेन्स नव्हेत, तर त्यांच्या आगेमागे जे काही घरात आले, तेही येथे मांडण्यास हरकत नसावी.

मी निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स वापरलेल्या स्थितीत घेतली. विकणारे गृहस्थ जळगावचेच असल्याने समक्ष भेटून, मागच्या बाजूने बॅटरीचा झोत टाकून, काचांच्या आत बुरशीचे जाळे नाही याची खात्री करून घेता आली. कॅमेरा मात्र जुनाच आहे, डी७२००. लेन्सचे वजन तिवईवर बसवण्याच्या कॉलरसह २,३०० ग्रॅम भरते, त्यामुळे अर्धा तास हातात धरली की खांदा बोलू लागतो. याखेरीज बैठकीच्या खोलीत एक मोठा कूलर आला. वैशाखात रावेरला राहणाऱ्याने ही चैन समजू नये.

आता दोन शंका. हतनूर जलाशयाच्या काठावर सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास नदीसुरयांची छायाचित्रे घेतली. शटर १/१६०० सेकंद होते, पक्षी पलीकडच्या वाळूवर स्वस्थ बसलेले होते, तरीही एकाही चित्रात पिसांचे तपशील नीट उतरले नाहीत. कडा विरघळल्यासारख्या दिसतात. लेन्समध्ये दोष असावा का? दुसरी शंका ती ठेवण्याविषयी आहे. घरातील सर्वांत गार खोली म्हणून सध्या मी ती कूलरच्या खोलीतील लाकडी कपाटात ठेवतो. हे योग्य आहे ना?

यार्डाजवळ (भुसावळ)

प्रथम अभिनंदन. लेन्सला दोष देण्याची घाई करू नये, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवीन. आपण सांगितलेली वेळ आणि जागा पाहता हा उन्हाचा खेळ दिसतो. जमीन तापली की तिच्या लगतची हवा तापते, वरची तुलनेने थंड राहते, आणि या कमीअधिक उष्ण थरांतून येणारा प्रकाश प्रत्येक क्षणी थोडा वेगळा वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जे लकाकताना दिसते, तेच ५०० मिमीच्या लेन्समधून कित्येक पटींनी मोठे होऊन चित्रात येते. डी७२०० चा सेन्सर लहान असल्याने आपल्याला ७५० मिमीइतका आवाका मिळतो, आणि हा दोषही त्याच प्रमाणात वाढतो. शटर कितीही वेगवान ठेवा, कंप-नियंत्रण चालू ठेवा, किमती लेन्स लावा, यांपैकी कशानेही तो जात नाही, कारण बिघाड कॅमेऱ्यात नसून मधल्या हवेत असतो. उपाय दोनच आहेत: अंतर कमी करणे, किंवा सूर्य वर येण्याआधी काम आटोपणे. आपल्या भागातील काळी जमीन आणि नदीची वाळू या दोन्ही फार लवकर तापतात, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आठनंतर पन्नास मीटरपलीकडील पक्ष्याकडून पिसांची अपेक्षा न ठेवलेलीच बरी. वातानुकूलित मोटारीतून फोटो घेणाऱ्यांना खिडकी उघडताच हाच अनुभव येतो, कारण खिडकीच्या चौकटीतच गार आणि उष्ण हवा मिसळत असते.

तरीही खात्री करायची असल्यास घरी एक चाचणी घ्यावी. पहाटे, ऊन पडण्याआधी, एखादे दैनिक भिंतीवर सपाट चिकटवावे आणि दहा-बारा मीटरवर तिवई लावून कंप-नियंत्रण बंद करावे. एक चित्र लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, फोकस करून आणि दुसरे नेहमीप्रमाणे व्ह्यूफाइंडरमधून घ्यावे. दोन्ही सारखीच स्वच्छ आली, तर लेन्स निर्दोष आहे. पहिले स्वच्छ आणि दुसरे मऊ आले, तर कॅमेरा आणि लेन्स यांचे फोकसविषयी एकमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डी७२०० च्या मेनूमध्ये ‘एएफ फाइन-ट्यून’ची सोय आहे, तेथे उणे वीस ते अधिक वीस या मर्यादेत ते जुळवून घेता येते. दोन्ही मऊ आली, तरच विकणाऱ्या गृहस्थांना फोन करावा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जरा कडक आहे. लेन्स आजच्या आज त्या खोलीतून हलवावी. खानदेशचा उन्हाळा कोरडा आहे, म्हणून बुरशीची भीती फक्त पावसाळ्यात, असे आपल्याकडे पुष्कळजण धरून चालतात. परंतु वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो तो हवेत पाणी सोडूनच. मी यंदा घेतलेली एकमेव ‘फोटोग्राफिक’ वस्तू म्हणजे हातात मावेल एवढा आर्द्रतामापक. बाहेरच्या ओसरीवर भर दुपारी तो पंधरा-वीस टक्क्यांवर असतो, आणि कूलरच्या खोलीत, खिडक्या लावून घेतल्या असता, संध्याकाळपर्यंत सत्तरच्या वर चढतो. साठ टक्क्यांच्या वर हवा सतत राहिली, की काचेवरील बुरशीला मोकळे रान मिळते, आणि लाकडी कपाट तर ओल शोषून धरते. म्हणजे मे महिन्यात रावेरला बसून आपण लेन्सला कोकणातला श्रावण दाखवत आहात.

यासाठी विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी राखणारे कपाट, उत्तम, पण त्याची घाई नको. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, एवढ्यावर माझे वर्षानुवर्षे भागले आहे. नारंगी दाणे हिरवे पडले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा नारंगी करावेत, आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात टाकावेत. डब्यातील आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. तीसच्या खाली नेऊ नये, कारण फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण यांचे नुकसान होते. डबा सावलीच्या खोलीत असावा, मोटारीच्या डिकीत कधीही नको. निकॉनने या कॅमेऱ्यासाठी कमाल ४० अंश तापमान सांगितले आहे, आणि आमच्या भुसावळला मे महिन्यात सावलीतच त्याहून अधिक असते.

सरकीवाला (पारोळा)

माझी खरेदी फार लहान आहे, पण केळीबाग भाऊंच्या खांद्याच्या उपयोगाची आहे, म्हणून लिहितो. लेन्स टेकवण्यासाठी जाड कापडाची रिकामी पिशवी, म्हणजे ज्याला बीन बॅग म्हणतात ती, एका शिंप्याकडून शिवून घेतली आणि कापसाच्या जिनिंगमधून आणलेल्या सरकीने पाऊण भरली. पूर्वी ज्वारी भरत असे. ती जड होई आणि पावसाळ्यात हमखास पोरकिडे लागत. सरकी हलकी असते आणि तिच्यावरील उरलेल्या तंतूंमुळे दाणे एकमेकांवरून घसरत नाहीत. लेन्स दाबून बसवली की तिच्याखाली जो खळगा पडतो, तो तसाच राहतो. मोटारीच्या दारावर, बांधावर, धरणाच्या दगडी पिचिंगवर कोठेही ती बसते. तोंडाला चेन मात्र दुहेरी लावून घ्यावी, नाहीतर मोटारीत सरकी सांडून घरात वादाला निमित्त होते.

पांझरातीर (धुळे)

माझ्याकडे यंदा दोन वस्तू आल्या, एक लेन्स आणि एक खापर, आणि दोन्ही एकाच कामासाठी आल्या असे म्हणता येईल.

लेन्स म्हणजे सोव्हिएत काळातील हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे ती बंद पडलेल्या कॅमेऱ्यासह मिळाली. माझ्या कॅनन ७०डी वर ती साध्या, काच नसलेल्या अ‍ॅडाप्टरने बसते. तिच्यात स्वयंचलित असे काहीच नाही. ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या, दोन कड्या आहेत: एकीवर हवा तो आकडा ठरवून ठेवायचा, आणि दुसरी, जिला टिकटिक नाही, ती फोकस करताना पूर्ण उघडायची व चित्र घेण्याच्या क्षणी अटकेपर्यंत फिरवायची. आठ पाती सरकत येऊन भोक लहान होताना समोरून पाहणे हाच एक आनंद आहे. मागे कडुनिंबाची पालवी असेल आणि ॲपर्चर पूर्ण उघडे असेल, तर पार्श्वभूमी गोल भोवऱ्यासारखी फिरलेली दिसते. हा गुण की दोष, यावर आमच्या मंडळात एकमत नाही. मला तो आठवड्यातून एकदा आवडतो.

खापर कुंभाराकडून, बोटाने वाजवून, नाद ऐकून घेतले. आमच्याकडे आखाजीला आंब्याच्या रसाबरोबर खापरावरची पुरणपोळी होते, आणि जुने खापर गेल्या वर्षी फुटले होते. सासूबाई पोळी लाटण्याने लाटत नाहीत. दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत, पातळ करून ती पालथ्या खापरावर टाकतात. हे दृश्य टिपण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि त्यात एक अडचण आहे जी ज्यांना असे फोटो घ्यायचे असतील त्यांनी आधी समजून घ्यावी. खापर काळे, चूल काळी, भिंत धुराने काळी, अशा चौकटीत कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सर्व काही उजळ करायला धावतो, आणि नेमकी पोळी पांढरीफटक होऊन तिच्यावरील तांबूस डाग व आतील पुरणाची पिवळसर झाक नाहीशी होते. मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, दीड स्टॉप खाली घेतले आणि दाराकडून येणारा बाजूचा प्रकाश तेवढा राखला. हाताने फोकस करणाऱ्या लेन्सने हलत्या हातांच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी ॲपर्चर एफ/४ ठेवून फोकस आधीच खापराच्या पुढच्या कडेवर बांधून ठेवला, आणि पोळी हातातून सुटून खापरावर पसरण्याच्या वेळी बटण दाबत गेले. चुलीजवळ लेन्स फार वेळ धरू नये, एवढे पथ्य पाळावे. पुढच्या काचेवर धुराचा तेलकट थर बसतो आणि तो निघता निघत नाही.

तोरणमाळ वाट (शहादा)

मी यंदा लेन्स घेतली नाही, ८×४२ ची दुर्बीण घेतली, आणि या निर्णयाबद्दल मित्रांकडून पुष्कळ ऐकून घेतले. माझे कारण असे की आमच्या बाजूला येणारा प्रत्येक छायाचित्रकार रानपिंगळा विचारत येतो. या घुबडाचा शास्त्रीय परिचय अ‍ॅलन ह्यूम या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये करून दिला. १८८४ नंतर त्याची एकही खात्रीलायक नोंद नव्हती, आणि तो नामशेष झाला असे मानले जात असतानाच नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. रानपिंगळा दिवसा वावरतो, निष्पर्ण सागाच्या फांदीवर उघड्यावर बसतो, त्यामुळे छायाचित्र मिळणे सोपे वाटते, आणि नेमका येथेच घोटाळा होतो. गावाकडचा साधा पिंगळा दिसला तरी लोक शंभर चित्रे काढून परततात. साध्या पिंगळ्याच्या कपाळावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपक्यांविना असते, आणि पंखांवरील व शेपटीवरील पट्टे ठसठशीत असतात. हा फरक दुर्बिणीतून पाहून मगच कॅमेरा काढावा, म्हणजे नको त्या पक्ष्यामागे धावणे टळते.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा प्रकार अलीकडे वाढला आहे, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ढोलीत पिल्ले असताना नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून शिकार सोडून येतो. अशा रीतीने मिळवलेले चित्र कोणी मला दाखवले, तर मी त्याचे कौतुक करीत नाही. केळीबाग भाऊ, तोरणमाळला यायचे झाल्यास जरूर यावे, ती लेन्स मोटारीत ठेवून यावे असे माझे म्हणणे नाही; फक्त आधी पाहण्यासाठी दुर्बीण माझी घ्यावी.

केळीबाग (रावेर)

सर्वांचा आभारी आहे. भुसावळच्या सूचनेप्रमाणे पहाटे भिंतीवर वर्तमानपत्र लावून चाचणी घेतली. लाइव्ह व्ह्यूतील चित्रात जाहिरातींची बारीक अक्षरेसुद्धा वाचता येतात. व्ह्यूफाइंडरमधून घेतलेले किंचित मऊ होते, ते अधिक सहावर जुळले. लेन्स आता देवघराशेजारच्या कोरड्या खोलीत, पोह्यांसाठी आणलेल्या मोठ्या डब्यात आहे, आणि पोह्यांची सोय अन्यत्र करावी लागली आहे. पारोळ्याच्या भाऊंनी शिंप्याला पिशवीचे माप काय दिले होते, ते कळवावे.

पांझरातीर ताई, हेलिओसचे वर्णन वाचून तीही घ्यावीशी वाटू लागली आहे. माझ्या निकॉनवर ती चालेल का?

सरकीवाला (पारोळा)

एक फूट लांब, नऊ इंच रुंद, आणि मधोमध शिवण घालून दोन कप्पे. दोन कप्पे असले की ती मोटारीच्या दारावर खोगिरासारखी बसते.

पांझरातीर (धुळे)

भाऊ, बसेल, पण दूरचे काहीच स्पष्ट दिसणार नाही. या जुन्या स्क्रूच्या लेन्ससाठी माउंटपासून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते त्या कडीपासून, फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी ठरलेले आहे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिमी असल्याने मधल्या दीड मिलिमीटरमध्ये अ‍ॅडाप्टर मावतो. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते मुळातच ४६.५ मिमी आहे, म्हणजे लेन्स हवी त्याहून पुढे राहते आणि अनंतापर्यंत फोकस होत नाही. आत काच बसवलेले अ‍ॅडाप्टर मिळतात, पण ती काच बहुधा चित्राची धार घालवते. पुढे कधी निकॉनचा झेड माउंटचा आरसाविरहित कॅमेरा घेतलात, तर त्याचे अंतर केवळ १६ मिमी असल्याने ही अडचण उरणार नाही. तोपर्यंत ५० मिमी एफ/१.८ डी ही निकॉनचीच लेन्स वापरलेल्या स्थितीत शोधावी. तिच्यात मोटर नसते, परंतु आपल्या डी७२०० मध्ये ती असल्याने फोकस आपोआप होईल. डी३५०० वापरणाऱ्या कोणाला मात्र ती हातानेच फिरवावी लागेल.