हायपरऑक्सॅलुरिया टाइप 1: बी6, इंजेक्शन की डायरेक्ट ट्रान्सप्लांट?

दोघांची_आई
मुलगा 7 वर्षांचा, दोन्ही किडनीत सारखे खडे व्हायचे म्हणून जीन टेस्ट केली तर प्रायमरी हायपरऑक्सॅलुरिया टाइप 1 निघालं, म्हणजे शरीरात ऑक्सॅलेट नावाचं द्रव्य जास्त होऊन त्याचे खडे होण्याचा जन्मजात आजार. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) अजून ठीक आहे. डॉक्टर म्हणतात आधी व्हिटॅमिन बी6 देऊन बघू, नातेवाईक म्हणतात पालक-चॉकलेट बंद करा, नेटवर बघावं तर लिव्हर ट्रान्सप्लांट. डोकं चालेना झालंय. कोणी यातून गेलंय का?

रात्रपाळीचा_बाबा
आमची मुलगी याच आजाराची. पालकाचं एवढं मनावर घेऊ नका हो, इथे ऑक्सॅलेट लिव्हरच जास्तीचं बनवतं, त्यामुळे पथ्याने फारसा फरक पडत नाही. दूध-दही तर मुळीच तोडू नका, कॅल्शियम ऑक्सॅलेटला आतड्यातच धरून ठेवतं. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या मात्र नको, त्याचं ऑक्सॅलेट होतं. खरी मारामारी पाण्याची, आणि ते रात्रीही जायला हवं कारण झोपेत लघवी घट्ट होते. आमची घोट घोट करून रडायची, शेवटी पोटाला ट्यूब बसवली, आता रात्रभर पंपाने पाणी जातं आणि ती मस्त घोरते. सोबत खडे होऊ नयेत म्हणून पोटॅशियम सायट्रेट चालू.

किडनीवाली_ताई
रिपोर्टमध्ये म्युटेशन (जीनमधला बदल) कोणतं ते आधी बघा. ग्लाय170आर्ग असेल तर बी6 ला बऱ्याचदा चांगला रिस्पॉन्स येतो, साधारण 3 महिन्यांनी युरिन ऑक्सॅलेट 30% तरी उतरलं का ते बघतात. डोस मनाने वाढवू नका, जास्त बी6 ने नसांना त्रास होतो. नाहीच जमलं तर लुमासिरान, 2020 मध्ये मंजूर झालेलं कातडीखालचं इंजेक्शन, लिव्हरमधलं एक एन्झाइम दाबून ऑक्सॅलेट बनणंच कमी करतं. पहिले 3 डोस दर महिन्याला एक, मग दर 3 महिन्यांनी. महाग आहे, त्यामुळे मिळेल कसं ते आत्तापासूनच विचारून ठेवा. ट्रान्सप्लांटचं आत्ता डोक्यातून काढा, क्रिएटिनिन ठीक आहे ना. पूर्वी किडनी गेली की लिव्हरही बदलायचे, कारण नुसती किडनी बसवली तर जुनं लिव्हर तीही खराब करतं. आता इंजेक्शनच्या जोरावर काही जणांना फक्त किडनी बसवतात.

दोघांची_आई
खूप बरं वाटलं वाचून. धाकटीला काहीच त्रास नाही, तिची टेस्ट लागेल?

किडनीवाली_ताई
हो, लगेच करा. सख्ख्या भावंडात 4 त 1 शक्यता असते, आणि खडे व्हायच्या आधी कळलं तर किडनी वाचवायला वेळ मिळतो.