गरोदरपणात मशेरी, विडी, सिगारेट : पोटातल्या बाळापर्यंत नेमकं काय पोहोचतं?

आशा_वाई_तालुका
गावात गरोदर बायांपैकी विडी-सिगारेट ओढणारी जवळपास कुणी नाही. मशेरी मात्र घरोघरी. सकाळी दात घासायला म्हणून बोट डबीत जातं, मग जेवणानंतर, दुपारी, झोपताना. सासूचं म्हणणं ठरलेलं : "धूर कुठं घेतीय ती? आम्ही लावूनच चार पोरं काढली." पुस्तिकांमध्ये सगळं सिगारेटवर लिहिलेलं आहे.
मशेरीचं खरं काय? पाचव्या महिन्यात एकदम सोडली तर बाळाला झटका बसतो का? आणि नवरा घरात विडी ओढत असेल तर त्याला काय सांगायचं?

वार_नाळ
ताई, मशेरी म्हणजे तंबाखूच. पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजून कुटलं की त्यातला कडकपणा जळून जातो, हा निव्वळ गैरसमज. निकोटीन उरतंच, वर भाजताना धुरातली घातक रसायनं त्यात भर घालतात. हिरडीची त्वचा पातळ आणि रक्ताने भरलेली असते. बोटभर मशेरी चोळून दहा मिनिटं तोंडात राहिली की निकोटीन तिथूनच थेट रक्तात उतरतं, पोटात जायचीही गरज नाही.

पुढचा प्रवास समजला की सासूबाईंना उत्तर देता येतं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, गर्भाशयाकडे रक्त नेणाऱ्यासुद्धा. वारेकडे जाणारं रक्त कमी झालं की अन्न आणि प्राणवायू दोन्ही कमी. शिवाय निकोटीन वार सहज ओलांडतं. बाळाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण आईइतकं, कधी थोडं जास्तच असतं. ते गर्भजलातही उतरतं आणि बाळ ते पाणी गिळत असतं, म्हणजे तोच डोस पुन्हा. मेंदू आणि फुप्फुसं घडत असताना हे चालू राहतं. गरोदरपणात ओढणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये दम्याची घरघर आणि झोपेत अचानक मृत्यू जास्त दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं.

विडी-सिगारेटमध्ये यावर कार्बन मोनॉक्साइड येतो. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतो. म्हणून सिगारेटने सरासरी वजनघट जास्त, साधारण 200 ग्रॅम. वार खाली सरकलेली असणं, वेळेआधी सुटणं, पाणी लवकर जाणं, दुभंगलेला ओठ-टाळू यांचाही धोका वाढतो.

मशेरीत कार्बन मोनॉक्साइड नाही, हे सासूचं बरोबर. पण मुंबईत 1,200हून जास्त गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. न ओढता तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅम कमी आणि बाळंतपण सुमारे 6 दिवस आधी, असं त्यात निघालं. 2006 साली त्याच मुंबईतल्या स्त्रियांवरून मृत बाळ जन्माला येण्याचा धोका अडीच पटीच्या आसपास दिसला. या बायांमध्ये मशेरीच सगळ्यात जास्त वापरात होती.

105 ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपल्याकडे मुळातच 2,600-2,700 ग्रॅमची बाळं पुष्कळ. त्यातून 105 वजा केले की बाळ 2,500 च्या रेषेवर येऊन ठेपतं, आणि त्याखाली गेलं की 'कमी वजनाचं'. चार पोरं काढली हे खरं असेल, पण त्यांची वजनं कुणी केली होती?

हिमोग्लोबिन_9
एक भर. मशेरी लावणाऱ्या गरोदर बायांमध्ये रक्तक्षय जास्त आढळतो. निकोटीनने भूक मरते, जेवण कमी होतं, तिथेही नुकसान आहेच. लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन 8-9 वर अडकलेली बाई दिसली की मशेरीचं विचाराच. उलट धूर ओढणारीचं हिमोग्लोबिन चांगलं दिसू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडमुळे शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं. आकडा चांगला, पण त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतच नाही.

सोडचिठ्ठी
एकदम सोडल्याने बाळाला झटका बसत नाही. त्रास आईला होतो : चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं, बद्धकोष्ठ. पहिले दोन-तीन दिवस जड, मग दोन ते चार आठवड्यांत निवळतं. तलफ आली तर ती बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांची असते, तेवढं हात आणि तोंड गुंतवून ठेवायचं.

"कमी कर" सांगू नका. वेळा निम्म्या केल्या की बाई चिमूट मोठी घेते, जास्त वेळ तोंडात ठेवते, आणि हिशेब तिथेच येतो. विडीवाला कमी विड्यांत खोल झुरके मारतो, तसंच. आठवडाभरातली एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी डबी घराबाहेर काढा. "सासूच्या डबीतून एक बोट" इथेच बहुतेक जणी घसरतात, म्हणून बोलणं सासूसमोर करा. मशेरी भाजायचा तवाही गरोदर बाईच्या स्वयंपाकघरात तापवू नका. तो ठसका म्हणजे तंबाखूचाच धूर.

मग ती मशेरी कशासाठी लावते ते विचारा, उपाय त्यावर ठरतो. पोट साफ होत नाही म्हणून लावत असेल तर सकाळी कोमट पाणी, पालेभाज्या, पेरू, रात्री इसबगोल. मळमळीसाठी असेल तर उठण्याआधी अंथरुणातच दोन घास कोरडी भाकरी किंवा फुटाणे. तरी थांबत नसेल तर डॉक्टरांकडून गोळी मिळते. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप किंवा खोबऱ्याचा तुकडा. सुपारी नको, तिचाही संबंध कमी वजनाशी आहे.

डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासात पहिलं बोट जात असेल तर सवय पक्की समजा. अशीला एकटं सोडू नका. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक लावून द्या. निकोटीनचं च्युइंगम दुकानातून परस्पर आणू देऊ नका. गरोदरपणात ते डॉक्टरांनी तोलून-मापूनच द्यायचं.

दंतमंजन
मशेरी सोडली की आठवडाभरात हिरड्यांतून रक्त येतं आणि बाई म्हणते, "बघा, मशेरीनंच थांबलं होतं." गरोदरपणात हिरड्या सुजतातच. निकोटीनने तिथल्या वाहिन्या आकसून ती सूज झाकली होती, इतकंच. मऊ ब्रश, साधी टूथपेस्ट, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तंबाखू मिसळलेली मंजनंही बाजारात असतात, तेव्हा डबीवरचा मजकूर वाचून घ्या.

आशा_वाई_तालुका
म्हणजे पाचव्या महिन्यात सोडूनही उपयोग आहे? आणि विडीचं राहिलं.

वार_नाळ
आहे. बाळाचं वजन सगळ्यात झपाट्याने शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. धूर ओढणाऱ्यांत 15 आठवड्यांच्या आत सोडलेल्यांच्या बाळांची वजनं कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास आली आहेत. त्यानंतर सोडलं तरी काही भाग भरून निघतो. नववा महिना उजाडला तरी सोडा म्हणायचं. सोनोग्राफीला जाताना तंबाखूची सवय कार्डावर लिहून द्या, म्हणजे 28 आठवड्यांनंतर वाढ पाहताना डॉक्टर नाळेतला रक्तप्रवाहही तपासतील.

विडी : तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त निघतो. नुसत्या शेजारच्या धुरानेही बाळाचं वजन सरासरी 30-40 ग्रॅम घटतं. खिडकी उघडून भागत नाही. ओढायचीच तर अंगणाबाहेर, आणि परत आल्यावर हात-तोंड धुऊन, शर्ट बदलून.

सोडचिठ्ठी
बाळंतपणानंतरची भेट चुकवू नका. सोडलेल्यांतल्या पुष्कळ जणी तिथेच परततात : "आता पोटात नाही ना." निकोटीन दुधात उतरतं, आणि रक्तापेक्षा जास्त प्रमाणात. तरी कुणी परत सुरू केलीच तर अंगावरचं दूध बंद करायला सांगू नका. आधी बाळाला पाजायचं, मग डबी, आणि पुढच्या पाजण्यात होईल तेवढं अंतर. डबीला लागलेला हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही.