पल्स, ब्रेस्ट, पीव्ही… हात कधी बसतो?

इंटर्न_खान्देशी:
पोस्टिंग सध्या शहाद्याकडे आहे. थिअरी तोंडपाठ पण हात चालत नाही. पॉप्लिटिअल पल्स (गुडघ्यामागची) अजून खात्रीने लागलेली नाही, डॉर्सालिस पेडिस (पावलावरची) कधी लागते कधी नाही, आणि ब्रेस्ट, पीव्हीचं (योनीतून आतली तपासणी) तर विचारूच नका, मुलगा डॉक्टर दिसला की बायका पदर आवळून बसतात, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही. कॉलेजात मॅनेकिनवर केलंय पण रबराला दुखत नाही ना. सुरुवात कुठून करू? पुस्तकातली पानं नका टाकू प्लीज.

सर्जरीवाला:
भाऊ, रूममेटचे पाय आहेत ना, तिथून कर. पॉप्लिटिअलला गुडघा थोडा वाकवून पाय एकदम सैल सोडायला लावायचा, अंगठे पुढे, बोटं मागून खोल. पाय ताठ धरला तर कोणालाच लागत नाही. आणि एकदम सहज, मोठी लागली तर खूश होऊ नको, ॲन्युरिझम (फुगलेली धमनी) असू शकतो. डॉर्सालिस पेडिस काही नॉर्मल लोकांत जन्मापासून नसते, म्हणून आतल्या घोट्यामागची पोस्टिरिअर टिबिअल बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही. स्वतःचीच पल्स बोटात लागतेय असा डाऊट आला तर दुसऱ्या हाताने पेशंटची रेडिअल (मनगटाची) धर, जुळते का बघ.
बिडी ओढणारा तरुण शेतमजूर "चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं" म्हणाला की दोन्ही पायाच्या सगळ्या पल्स बघायच्याच. हँड डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं हातातलं यंत्र) असेल तर एबीआय (घोट्याचा बीपी भागिले हाताचा) काढ, ०.९ च्या खाली म्हणजे रक्तपुरवठा कमी. शुगरवाल्याचा १.४ च्या वर आला तर तो चांगला नाही हां, नस कडक झालीय, बीपीच्या कफने दबतच नाहीये.

गायनिक_ताई:
मुलगा म्हणून अडत नाही रे. सिस्टर शेजारी नसेल तर हात लावायचा नाही, हे मला पण लागू. काय करणार, कशासाठी करणार ते तिने कपडे नीट घातलेले असतानाच सांग, सासूला बाहेर बसव. मधेमधे "दुखस का माय?" एवढं अहिराणीत विचारलं तरी पोट सैल पडतं, आणि पोट सैल नसेल तर बायमॅन्युअलमध्ये (एका हाताची बोटं आत, दुसरा हात पोटावर) काही कळत नाही. आधी लघवी करून यायला सांग. स्पेक्युलम (आत बघायचं साधन) आधी, बोटं नंतर. व्हीआयए (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) करायची असेल तर जेली नको, पाणी लाव, ॲसिटिक ॲसिड लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांब (लोक घाई करतात). संबंध आलेच नसतील अशा मुलीची पीव्ही करायची नाही, पोटावरून सोनोग्राफी पाठव.
अजून एक, ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिलेल्या बाईवर कोणी "या, सगळ्यांनी बघून घ्या" म्हणालं तर तिची आधी परवानगी घेतलीय का विचार. नसेल तर मागे उभा राहा, सिनिअर चिडले तर चिडू दे.

रिटायर्ड_एमओ:
ब्रेस्टमध्ये पोरं बघतच नाहीत, डायरेक्ट दाबतात. बसवून बघ, हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. खड्डा, ओढलेलं निपल, संत्र्याच्या सालीसारखी कातडी तिथेच दिसते. मग झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी उभ्या पट्ट्यांत, हलकं, मध्यम, खोल, काखेपर्यंत. काख आणि कॉलरबोनच्या वरच्या गाठी विसरू नको.
हे डॉक्टरलाच जमतं असं पण नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या ट्रायलमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी हाताने तपासलं, २०२१ ला रिझल्ट छापून आला, पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३०% कमी. सगळ्या वयांचा मिळून फरक मात्र ठाम नव्हता. उपकेंद्रात ३० च्या वरच्यांचं स्क्रीनिंग असतं, तिथे सीएचओ (उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी) ताईंशेजारी जाऊन बस. नॉर्मल खूप हाताखालून गेल्याशिवाय गाठ कळत नाही.

इंटर्न_खान्देशी:
थँक्यू सगळ्यांना. पण इकडे बऱ्याच जणी पावरीच (इकडची आदिवासी बोली) बोलतात, मला ओ की ठो कळत नाही, नवऱ्यालाच "विचारून सांग" म्हणावं लागतं.

गायनिक_ताई:
नवऱ्याला अजिबात नको, त्याच्यासमोर ती अंगावरून पांढरं जातंय हे सांगणारच नाही. गावच्या आशाताईला सोबत बोलव.