पूर ओसरल्यानंतरचं दाखवणारा सिनेमा कुणी बघितलाय का?

आंबेवाडीची शिलाई

रात्री शिलाईचं काम आटपलं की मोबाईलवर एखादा सिनेमा बघते. या महिन्यात ओळीनं पूर-त्सुनामीचेच झाले. 'केदारनाथ', 'द इम्पॉसिबल' आणि '२०१८' हा मल्याळम. पहिल्या दोघांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'केदारनाथ'मध्ये प्रेमकहाणीच जास्त आहे, पाणी शेवटी येतं. 'द इम्पॉसिबल'मधली ती जखमी आई मात्र बघवत नाही, इतकी खरी वाटते.

'२०१८' सगळ्यात आवडला. केरळच्या महापुरावर आहे, ज्युड अँथनी जोसेफ यांचा. सुरुवात लांबते असं लोक म्हणतात, पण मला तोच भाग पटला. पाऊस लागून राहिलाय आणि माणसं आपापल्या नादात आहेत. कोळ्याच्या पोराला मॉडेल व्हायचंय, भीतीपोटी सैन्य सोडून आलेला टोविनो थॉमस गावात नोकरीची वाट बघतोय. आमच्याकडं तरी वेगळं काय असतं? कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे पोरासोरांना पाठ आहे. तरी माणसं डेअरीला दूध घालायला जातातच. ज्यांच्या घरात पोरगी द्यायला नको म्हणतात तेच कोळी होड्या ट्रकवर चढवून मदतीला निघतात, तिथं मला रडू आवरलं नाही.

पण माणसं बाहेर निघाली, पाणी उतरलं आणि सिनेमा आटोपला. माझी तक्रार एवढीच आहे. २०१९ च्या ऑगस्टात पातळी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही शहरात एका शाळेत होतो. होडीतून काढलं तो एक दिवस. खरं जे सुरू झालं ते घरी परतल्यावर. दार फुगून बसलेलं, सोप्यात चिखल. मशीनच्या बॉबिन केसमध्ये गाळ वाळून इतका घट्ट झाला होता की सुईनं कोरून काढला. चाक हलेना, तेल सोडून रात्रभर ठेवलं तेव्हा कुठं अर्धं फिरलं. ट्रंकेत गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस होते, एका लाल अस्तराचा रंग सगळ्यांवर उतरलेला. त्या बायकांचीही घरं पाण्यातच होती, कुणी भरपाई मागितली नाही. पण मला त्यांच्या दारात जायचं धाडस होईना. उसाच्या शेंड्यात गाळ गेलेला, भिंती ओल्या म्हणून चूल परड्यात, आणि पंचनाम्याला माणूस कधी येणार याची वाट.

हे कुणी दाखवलंय का? भाषा कुठलीही चालेल.

राजारामपुरी ७ वी गल्ली

ताई, 'पॅरासाईट' बघा. बाँग जून-हो यांचा कोरियन सिनेमा, २०१९ चाच. पुराचा सिनेमा म्हणून कुणी त्याचं नाव घेत नाही, पण तुम्ही म्हणताय ते त्यात आहे. गरीब कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. मोठा पाऊस होतो, गटाराचं पाणी घरात शिरतं, संडासातून वर उसळतं. बापलेक छातीभर पाण्यातून चार वस्तू वाचवतात आणि रात्र जिमखान्यासारख्या हॉलमध्ये शेकडो लोकांबरोबर जमिनीवर काढतात. सकाळी कपड्यांच्या ढिगातून अंगावर घालायला काहीतरी शोधायचं आणि तसंच मालकिणीच्या घरी पार्टीला कामावर जायचं. ती बाई गाडीत फोनवर सांगते की पावसानं हवा किती स्वच्छ झाली. गाडी चालवणारा तोच गरीब बाप, त्याचा चेहरा बघा तेव्हा. दहा-पंधरा मिनिटांचाच भाग आहे, पण मला तो सगळ्यात जास्त लक्षात राहिला.

वाडीचा

'२०१८'वर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. डोंगरातलं पाणी तिथं झपाट्यानं आलं. चेरुथोणी धरणाचे दरवाजे २६ वर्षांनी उघडले होते, लोकांना सवयच नव्हती. आपल्याकडं राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपसूक उघडतात, कितवा उघडला ते गावभर कळतं. त्यांची गोष्ट सुटकेचीच होती, ती त्यांनी नीट सांगितली.

आपली गोष्ट वेगळी, कारण आपलं पाणी थांबतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून चालली असली की पंचगंगेला पुढं वाट नाही, ती मागं फुगते. शिरोळ तालुक्यात पाऊस उघडून ऊन पडलेलं असतं आणि पाणी दारातच. जनावरं दुसऱ्याच्या दावणीला, वैरण विकत. हे बसून राहणं पडद्यावर दाखवायचं म्हणजे दिग्दर्शकाला धीर पाहिजे.

जुना प्रेक्षक, मंगळवार पेठ

'मदर इंडिया' विसरलात सगळे. मेहबूब खान, १९५७. पुरात पीक जातं, घर जातं, पोटची मुलं जातात. घरात अन्नाचा कण नाही आणि सावकार सुखीलाला नेमका तेव्हाच येतो. गाव सोडून निघालेल्या लोकांना नर्गिस परत फिरवते आणि चिखलातून पुन्हा शेती उभी राहते. पाणी ओसरल्यावर सावकार येतो हे त्या सिनेमानं बरोबर धरलंय.

आणि हे आपल्या गावाला नवं नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' केला तो कोल्हापुरात. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणीत राबायला जातो. तो शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. देवादिकांच्या कथा चालत होत्या त्या काळात इथल्या माणसानं कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. ताई सांगतात ती गोष्ट याच जिल्ह्यातून यायला पाहिजे, दुसरं कोण करणार?

आंबेवाडीची शिलाई

'पॅरासाईट' काल बघितला. कपड्यांचा ढीग आला तिथं थांबवून दोनदा बघितलं. शाळेत आम्हालाही असाच ढीग आला होता. लोकांनी मनापासून दिलं, पण साड्याच साड्या. परकर नाहीत आणि ब्लाऊज आले ते कुणाच्याच मापाचे नाहीत. एका म्हातारीच्या हातात जरीची साडी आणि वर घालायला काही नाही. बाई ओल्या कपड्यांनिशी किती वेळ बसणार? मग एकीनं सुईदोरा मिळवला आणि मी ब्लाऊज उसवून हातशिलाईनं मापात करायला बसले. वर्गात बायकांची रांग लागली. असं काही सिनेमात बघायला मिळावं, एवढंच मी मागतेय.

वाडीच्या दादांचं बसून राहण्याचं म्हणणं पटलं. 'मदर इंडिया' रविवारी सासूबाईंबरोबर बघणार.

राजारामपुरी ७ वी गल्ली

ताई, आम्ही कॉलेजचे चारजण मिळून शॉर्टफिल्म करतोय, विषय ठरत नव्हता. ही शाळेतली शिलाई करू का? तुम्ही हो म्हणालात तरच.

आंबेवाडीची शिलाई

करा की. पण ड्रोननं वरून पाण्याचा देखावा नको, आणि ब्लाऊज उसवणारी बाई खरंच उसवता येणारी घ्या, हात लगेच कळतात. सगळं ऐकायला गावात या, शेजारच्या दोघींनाही बोलावते. दिवाळीआधी मात्र नको, तेव्हा मला शिलाईतून मान वर करायला वेळ नसतो.