‘बॅक इन ब्लॅक’मध्ये विलापाचे एकही गाणे नसताना ऐकताना कंठ का दाटतो?

धागाकर्ता:

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँडचा ‘बॅक इन ब्लॅक’ मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे, पण तो खऱ्या अर्थाने भिडला तो दादा गेल्यानंतर. त्याच्या कपाटात या अल्बमची कॅसेट सापडली. आतला कागद उघडून उघडून घडीवर विरला होता आणि दादाने तो मागून चिकटपट्टी लावून जोडून ठेवला होता. तेराव्याचे पाहुणे परतल्यावर रात्री मी ती कॅसेट लावली, ‘हेल्स बेल्स’ या गाण्यातली घंटा वाजू लागली आणि इतके दिवस डोळ्यांत न आलेले पाणी तेव्हा आले.

बँडचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 रोजी लंडनमध्ये वयाच्या 33 व्या वर्षी वारला आणि हा अल्बम त्याच वर्षी 25 जुलैला बाजारात आला. मध्ये जेमतेम पाच महिने गेले होते. तरीही दहा गाण्यांपैकी एकातही कुणी रडत नाही, उलट सगळीकडे जोम आणि मस्ती आहे. मग हे संगीत दुखऱ्या जागी नेमके कसे पोहोचते? जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद 1:

तुमच्या दादाबद्दल वाचून वाईट वाटले. मी हौस म्हणून गिटार वाजवतो, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

शीर्षकगीताची सुरुवात नीट ऐका. आधी हाय-हॅटचे, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीचे, मोजके ठोके आणि त्यांच्यासोबत दाबून धरलेल्या तारांवरचा कोरडा आवाज येतो. मग पहिला कॉर्ड (एकदम छेडलेले अनेक सूर) कोसळतो आणि लगेच सगळे थांबते. त्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात, कॉर्डइतकीच महत्त्वाची आहे ती दोन आघातांमधली रिकामी जागा. मी हा रिफ शिकलो तेव्हा बोटे दोन दिवसांत बसली, पण ती शांतता भरून न टाकता तशीच राहू द्यायला मला कित्येक महिने लागले, कारण हात सारखा काहीतरी वाजवायला शिवशिवत असे. बँडमधल्या माल्कम यंगची गिटार आणि फिल रडचे ड्रम त्या रिकाम्या जागेला हात लावत नाहीत. लय मात्र एका क्षणासाठीही सुटत नाही. घरातले माणूस गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करावाच लागतो, आणि करताना एक कप कमी ठेवावा लागतो, तसे मला ते वाटते. तुम्हाला जे जाणवते ते शब्दांत नसून या थांबण्यात आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद 2:

मी अंशतः असहमत आहे. संपूर्ण काळे मुखपृष्ठ शोकासाठी होते हे मान्य, आणि रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहामुळे बँडच्या नावाभोवती राखाडी रेघ आली हेही ठाऊक आहे. पण स्कॉटच्या मृत्यूचे कारण अतिमद्यपान हे नोंदवले गेले असताना, त्याच अल्बमवर ‘हॅव अ ड्रिंक ऑन मी’ हे गाणे मला आजही बेचैन करते. माझ्या घरात दारूने एक माणूस गेले आहे. मी ते गाणे पुढे ढकलतो. स्त्रियांविषयीची काही गाणीही मला उथळ वाटतात.

प्रतिसाद 3:

तुमची बेचैनी मी समजू शकते आणि ते गाणे तुम्ही ऐकावेच असे म्हणणार नाही. मात्र बँडमधल्या माणसांची स्थिती लक्षात घ्यावी. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथील अंत्यविधीच्या वेळी स्कॉटच्या वडिलांनीच माल्कमला पुढे चालू ठेवण्यास सांगितले होते. नवा गायक ब्रायन जॉन्सन इंग्लंडच्या न्यूकॅसल भागातला, आणि त्याच्या गाण्याची तारीफ स्वतः स्कॉटने आपल्या सोबत्यांजवळ केलेली होती. बहामातील नासाऊ येथे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा बाहेर वादळी पाऊस होता, आणि ‘हेल्स बेल्स’मधले मेघगर्जनेचे शब्द जॉन्सनला तिथेच सुचले. दिवंगत गायकाची नक्कल न करता त्याच्याच जागी उभे राहून इतक्या वरच्या पट्टीत, घसा फाटेल अशा जोराने गाणे, यात मला मस्तीपेक्षा आदर अधिक ऐकू येतो.

घंटेबद्दल आणखी थोडे. इंग्लंडमधील लफबरो गावात, पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक असलेल्या मनोऱ्यातल्या घंटेचा आवाज आधी घेऊन पाहिला होता, पण ठोका पडताच पक्षी फडफडून उडत आणि तो आवाजही टेपवर येई. अखेर त्याच गावातल्या ओतशाळेत बँडसाठी ओतलेली सुमारे टनभर वजनाची घंटा वापरली गेली. माल्कम 2017 मध्ये गेला, तेव्हापासून मी ती घंटा आधी संपूर्ण ऐकते आणि मगच आवाज वाढवते.

धागाकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा ऐकले आणि प्रथमच ठोके मोजले. गिटार सुरू होण्यापूर्वी चार आणि नंतर, हळूहळू विरत जाणारे, आणखी नऊ. एकूण 13. तो निव्वळ योगायोग आहे हे मला कळते, पण तेराव्याच्या रात्री ती कॅसेट मी लावली होती.

एक कप कमी ठेवण्याबद्दल लिहिले आहे, ते आईला वाचून दाखवले. ती अजून दोनच कपांचे आधण ठेवते आणि दूध मात्र तिघांचे घेते.