गाडीचा मूळ रेडिओ परत बसवताना
चावी काढली की तुमचा रेडिओ स्टेशनं विसरतो म्हणताय, पण रेडिओला लगेच बोल लावू नका. मधे बाजारचा स्टिरिओ बसवताना कुणीतरी वायरी तोडून पिळलेल्या असतात. मेमरीची वायर, म्हणजे स्टेशनं लक्षात ठेवायला वीज देणारी, कायम १२ व्होल्टवर हवी; दुसरीत चावी फिरवल्यावरच वीज यायला हवी. बहुधा पिवळी आणि लाल, पण रंगावर विसंबू नका. चावी काढून मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावा. तरीही १२ दाखवते ती मेमरीची. स्पीकरची मायनस मात्र बॉडीला टेकवू नका, रेडिओतला अ‍ॅम्प्लिफायर (आवाज मोठा करणारा भाग) उडू शकतो.

आमचा रेडिओ वडिलांनी माळ्यावर धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बसवला, सांगली आकाशवाणी लावली (मीडियम वेव्ह, १२५१ किलोहर्ट्झ), तर रेस वाढवली की बातम्यांमागे कुंईऽऽ! दोन रविवार रेडिओच उघडत बसलो. शेवटी निघालं काय, तर एरियलच्या बुडाशी पत्र्याला गंज, अर्थिंगच नाही. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईतो घासला, नट आवळला, आवाज गेला. मिरजेपर्यंत गाडी नेऊन खात्री केली, हे घरी सांगितलेलं नाही.